सत्तेचाळीसची पेन्सिल

सापडलं! म्हणजे मला एक पुस्तक सापडलं, आणि नुसतं पुस्तक नाही, थांबा, नीट सांगते! हात थरथरतायत अजून!

मी टीवायबीकॉमला आहे. वाचन म्हणजे गाइड आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं. सकाळी लेक्चर, दुपारी सीएचा क्लास, ताळेबंद जुळला तर कटिंग, नाही जुळला तरी कटिंग. लायब्ररीत जायचं ते पंख्याखाली बसायला. आणि मग परवा लायब्ररीतल्या मॅडमनी एक जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवलं, वर एक खोडरबर ठेवला आणि म्हणाल्या, "सत्तेचाळीसच्या आईनं आणून दिलंय. कडेला सगळीकडे लिहून ठेवलंय त्यानं. तेवढं खोडून देशील?"

सत्तेचाळीस म्हणजे आमच्या वर्गातला तो. मी अठ्ठेचाळीस. दोन वर्षं प्रत्येक परीक्षा त्याच्या पाठीकडे बघत दिली. जुलैत डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत गेला. वर्ग दोन मिनिटं उभा राहिला, मग कॉस्टिंग सुरू झालं. आता हजेरी घेताना सर सेहेचाळीस म्हणतात, जरा थांबतात, आणि मग माझा नंबर येतो. मला रोज 'प्रेझेंट' म्हणायला वेळ लागतो.

तर मी खोडायला बसले. आणि मग पहिलंच पान वाचलं, आणि मग दुसरं, आणि मग लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली!

पुस्तक कुठलं? बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा सहावा खंड, महाराष्ट्र शासनानं छापलेला. त्यात आहे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाचा प्रश्न! १९२३ साली लंडनमध्ये निघालेलं पुस्तक! मला बाबासाहेब माहीत होते ते संविधानाचे, चैत्यभूमीचे. ते आमच्याच विषयाचे प्राध्यापक होते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! १९१८ ते १९२०, मुंबईत, सिडनहॅम कॉलेजात! कॉमर्सच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवत होते! त्या ओळीशी सत्तेचाळीसनं पेन्सिलीनं लिहिलंय, "आपले सर!!" दोन उद्गारचिन्हं. मोजली मी.

मला अर्थशास्त्रातलं फार कळत नाही, हे आधीच सांगते. अर्धी पानं दोनदा वाचावी लागली. पण हे ऐका! १८३५ च्या कायद्यानं रुपयाचं वजन ठरलं १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. शेजारी त्यानं लिहिलंय, "म्हणजे बरोब्बर एक तोळा! आजीकडचा राणीछाप बघायचा." माझ्याही आजीकडे आहे की राणीछाप! लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवते ती! आणि मग मी तो मागून घेतला, आजी "हरवशील" म्हणत असताना कोपऱ्यावरच्या सराफाकडे पळाले, आणि त्यानं काट्यावर ठेवला तर साडेअकरा ग्रॅमच्या जरासा वर! एक तोळा! राणीचं नाक झिजलंय, तरी एक तोळा! सराफ हसला, पण मला रडूच आलं, कारण हे पहिल्यांदा ज्याला सांगायचं तो माझ्या पुढच्या बाकावर नव्हता.

आणखी ऐका. तेव्हा कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जायचं, थोडा आकार भरायचा आणि रुपये पाडून आणायचे! खरंच! मग जगात चांदी स्वस्त होत गेली, तिच्याबरोबर रुपयाही घसरत गेला, आणि १८९३ मध्ये सरकारनं टाकसाळी लोकांना बंद केल्या. सत्तेचाळीसचा शेरा, "म्हणजे आता रुपया किती काढायचा ते सरकारच्या हातात. घोळ इथे आहे." मला परीक्षेसाठी पाठ केलेलं चलनाचं प्रकरण त्या एका ओळीनं कळलं! दोन वर्षं त्याच्या मागे बसत होते आणि एकदाही विचारलं नाही, काय वाचतोस रे?

आणि ती प्रस्तावना! प्राध्यापक कॅनन यांची, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे! त्यांनी चक्क लिहिलंय की आंबेडकरांचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत, आणि तरी पुस्तकाचं कौतुक केलंय. पुस्तकाच्या दारातच भांडण, आणि किती आदराचं! तिथे सत्तेचाळीसनं नुसतं "भारी" लिहिलंय. भारीच आहे!

प्रकरणं सात आहेत. चौथ्यात, सोन्याच्या चलनाची चर्चा सुरू होते तिथे, पेन्सिल थांबते. पुढची पानं कोरी आहेत. मी उलटून उलटून पाहिली.

मॅडमना खोडरबर परत केला. म्हटलं, नाही खोडणार. त्यांनी एक शेरा वाचला, दुसरा वाचला, आणि तारखेच्या चिठ्ठीवर ४७ च्या खाली ४८ लिहून पुस्तक मला दिलं.

आता मी पाचव्या प्रकरणात आहे, एकटी, आणि अवघड आहे हो! म्हणून तुम्हाला सांगतेय. सहावा खंड. जवळच्या वाचनालयात मागा. घरात राणीछाप असेल तर काढा, वजन करा. आणि सातव्या प्रकरणापर्यंत पोचलात तर मला भेटा, मला कोणाशी तरी बोलायचंय.