अबोल्याचे दिवस

पूर्वी फुटबॉलपटू पत्रकारांशी भांडायचे. कडाक्याचं भांडण, आठवडेच्या आठवडे अबोला, तोंडावर शिवीगाळ, एखाद्या वेळी त्याच्याही पलीकडे. आता ते भांडत नाहीत. भांडण व्हायला आधी भेट व्हावी लागते, आणि ती भेटच आता होत नाही.

आमच्या पिढीने जगाचा फुटबॉल आधी वाचला आणि मग पाहिला. 'स्पोर्टस्टार' आणि पतौडींच्या संपादनाखालचं 'स्पोर्ट्सवर्ल्ड' घरात येईपर्यंत सामना शिळा झालेला असे. पण मधल्या पानावरचं पोस्टर भिंतीवर लागे आणि मजकूर पुरवून पुरवून वाचला जाई. १९८६च्या मेक्सिको विश्वचषकात दूरदर्शनने रात्री साडेअकराला थेट सामने दाखवले, तेव्हा ज्यांच्याबद्दल नुसतं वाचलं होतं ती माणसं पहिल्यांदा पळताना दिसली. खेळाडू कसा बोलतो, कशावर चिडतो, कुणाला टाळतो, हे सगळं तोवर आम्हाला एका तिसऱ्या माणसाने सांगितलेलं होतं. तो तिसरा माणूस म्हणजे वार्ताहर. त्याच्या डोळ्यांनी पाहायची इतकी सवय होती की तो नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

त्या काळी हा वार्ताहर खेळाडूंच्या शेजारी बसून प्रवास करत असे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर मँचेस्टर युनायटेडचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली. त्यांत आठ खेळाडू होते, हे फुटबॉल कळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पत्रकारही आठच होते, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. त्या आठांत फ्रँक स्विफ्ट होता: एके काळचा मँचेस्टर सिटीचा आणि इंग्लंडचा गोलरक्षक, निवृत्तीनंतर हातात लेखणी घेतलेला. मैदानावरचा माणूस आणि पत्रकार कक्षातला माणूस यांच्यात त्या काळी किती अंतर होतं, हे त्या प्रवासी यादीतच दिसतं. सकाळी ज्याच्याबरोबर चहा प्यायचा, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी लिहायचं. त्यामुळे लिहिताना हात जरा आखडता राहत असेल, पण लिहिलेलं खोटं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या नजरेला नजर द्यावी लागे.

इटलीत हात आखडता घेण्याची पद्धत नव्हती. जान्नी ब्रेरा हा तिथला क्रीडालेखकांतला दादा माणूस. लुइजी रिवाला त्याने 'मेघगर्जना' म्हटलं आणि त्या नावानेच रिवा अमर झाला. मिलानच्या जान्नी रिव्हेराला मात्र त्याने 'छोटा मठाधिपती' ठरवलं: नाजूक, देखणा, पण घाम गाळायला नाखूष. रिव्हेराने १९६९मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी'ऑर' मिळवला, तरी ते नाव त्याला चिकटून राहिलं ते राहिलंच. वर्षानुवर्षं हा वाद चालला आणि अख्ख्या देशाने त्यात बाजू घेतली. आज हे क्रूर वाटेल. पण ब्रेराला रिव्हेराचा खेळ पाठ होता. त्याची टीका खेळाडूच्या पायांवर होती, त्याच्या घरावर नव्हती.

अबोल्याची सगळ्यात मोठी गोष्टही इटलीचीच. १९८२, स्पेन. इटलीने पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले: पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. गुण सारखे, पण कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त केलेला, एवढ्यावर पुढच्या फेरीत शिरकाव. पाओलो रोस्सी सट्टेबाजी प्रकरणातली दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतला होता आणि मैदानावर हरवल्यासारखा फिरत होता. इटलीतल्या वर्तमानपत्रांनी प्रशिक्षक बेआरझोतला झोडपलं. खेळाडूंना मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमेवरून गदारोळ उठवला. इथवर ठीक होतं. पण रोस्सी आणि त्याचा सहकारी काब्रिनी एका खोलीत राहतात, यावरूनही अचकटविचकट लिहिलं गेलं. तिथे खेळाडूंचा बांध फुटला. संघाने ठरवलं, पत्रकारांशी कुणीही बोलायचं नाही. संघाच्या वतीने बोलायला एकच माणूस: कर्णधार दिनो झोफ.

यातली गंमत इटालियन माणसालाच पुरती कळेल. चाळिशीतला हा गोलरक्षक संघातला सर्वांत मितभाषी गडी. बोलक्यांच्या देशात शब्द मोजून वापरणारा. बोलायचंच नसेल तर बोलायला कुणाला पाठवावं, याचं इतकं बिनचूक उत्तर दुसरं सापडणार नाही.

पुढे जे झालं ते आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. अर्जेंटिनावर २-१. मग ५ जुलैला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर झिको, सॉक्रेटिस आणि फाल्काओच्या ब्राझीलवर ३-२, तिन्ही गोल रोस्सीचे. उपान्त्य फेरीत पोलंडविरुद्ध आणखी दोन, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध आणखी एक. सहा गोल, सर्वाधिक गोलांचा मान आणि विश्वचषक. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी, बेआरझोत, कावझियो आणि झोफ पत्ते खेळत बसलेले, मधे टेबलावर चषक ठेवलेला, हे छायाचित्र पुढे जगभर गेलं. अबोल्याने विश्वचषक जिंकून दिला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तो रोस्सीच्या पायांनी आणि बचावपटू जेन्तिलेच्या चिकट पहाऱ्याने जिंकला. पण बाहेरच्या माऱ्यामुळे ते बावीसजण एकत्र आले, यात शंका नाही. आणि त्या अबोल्यातही एक रीत होती. दार लावलं तरी झोफ नावाची खिडकी उघडी होती. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर अपुरं मिळे, पण उत्तर देणारा समोर बसलेला असे.

जुन्या दिवसांबद्दल लिहिताना सगळंच गोड करून सांगण्याचा मोह होतो. तो इथे टाळायला हवा, कारण त्या दिवसांनी माणसं मोडलीही. १९८६च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केल्यावर मॅराडोना पत्रकारांसमोर आला आणि थोडं डोकं माझं, थोडा हात देवाचा, अशा अर्थाचं बोलून गेला. फुटबॉलमधलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य असं पत्रकारांसमोर बोलताना जन्माला आलं. आठ वर्षांनी, फेब्रुवारी १९९४मध्ये, त्याच मॅराडोनाने आपल्या घराबाहेर ठिय्या दिलेल्या पत्रकारांवर छऱ्यांच्या बंदुकीने गोळ्या झाडल्या. काहीजण जखमी झाले आणि पुढे त्याला स्थगित कारावासाची शिक्षा झाली. झाडणं गुन्हाच होता. पण फाटकाबाहेर दिवसरात्र कॅमेरे लावून बसणं म्हणजे तरी कसली पत्रकारिता?

१९९८च्या विश्वचषकात डेव्हिड बेकहॅमला अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी 'डेली मिरर'ने 'दहा शूर सिंह, एक मूर्ख पोरगा' असा मथळा दिला, आणि त्याच्या चेहऱ्याचा बाणफेकीचा फलकही छापला. लंडनमधल्या एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर टांगला गेला. तो तेव्हा २३ वर्षांचा होता.

या सगळ्यात मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने काढलेला मार्ग वेगळाच. जानेवारी १९९५मध्ये सेलहर्स्ट पार्कवर अर्वाच्य बोलणाऱ्या प्रेक्षकावर त्याने लाथ झाडली. न्यायालयात दोन आठवड्यांची कैद झाली, ३१ मार्चला अपिलात ती १२० तासांच्या समाजसेवेवर आली. बाहेर पत्रकारांची झुंबड. कँटोना आला, पाण्याचा घोट घेत सावकाश म्हणाला की सीगल पक्षी बोटीच्या मागे फिरतात, कारण सार्डिन समुद्रात फेकले जातील असं त्यांना वाटतं. उठला आणि निघून गेला. इंग्लंडमध्ये या वाक्याचा अर्थ लावण्यात दिवसच्या दिवस गेले. हर्णैच्या किंवा ससून डॉकच्या माणसाला त्यात गूढ असं काहीच वाटलं नसतं. मासळीच्या बोटीमागे पाखरं का येतात हे तो रोज पाहतो. पुढच्याच वर्षी, १९९६मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल लेखक संघटनेने आपला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार कँटोनालाच दिला. ज्यांना त्याने पाखरं म्हटलं, त्यांनीच त्याला मत दिलं. त्या काळच्या भांडणाला असा एक दिलदार शेवट असू शकत होता.

आता काय आहे? आता सामन्यानंतर खेळाडू ड्रेसिंग रूममधून बसकडे जातो ती वाट 'मिक्स्ड झोन' म्हणून ओळखली जाते. कठड्याच्या एका बाजूला हात लांबवून माइक धरलेले पत्रकार, दुसऱ्या बाजूने कानाला हेडफोन लावून जाणारे खेळाडू. २०१६मध्ये लियाँला फिरायला निघालेल्या ख्रिस्तियानो रोनाल्डोने प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचा माइक घेऊन सरळ तळ्यात भिरकावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेस्सी सगळा अर्जेंटिना संघ मागे उभा करून आला आणि यापुढे आम्ही पत्रकारांशी बोलणार नाही, असं जाहीर करून गेला. संघसहकारी लावेझीबद्दलची एक अफवा त्याला कारण झाली होती. २०२२च्या कतार विश्वचषकात किलियन एम्बापे सुरुवातीच्या सामन्यांनंतर पत्रकारांकडे फिरकला नाही. दंड होईल म्हटल्यावर तो मी भरीन, म्हणाला. आणि २०२४मध्ये रोनाल्डोने स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं, तेव्हा पहिल्या दिवसातच एक कोटीहून जास्त लोक तिथे जमले. कुठल्या वर्तमानपत्राचा एवढा खप आहे? आता माइक तळ्यात फेकायचीही गरज उरली नाही. त्याच्याकडे स्वतःचा आहे.

हा स्वतःचा माइक हाती आल्याने झालेला न्यायही मान्य करायला हवा. डिसेंबर २०१८मध्ये मँचेस्टर सिटीच्या रहीम स्टर्लिंगने इन्स्टाग्रामवर दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्याच संघातल्या दोन तरुण खेळाडूंनी आईसाठी घर घेतलं होतं. गोऱ्या मुलाची बातमी कौतुकाची होती. काळ्या मुलाच्या बातमीत त्याचा पगार होता, घराची किंमत होती आणि अजून लीगमध्ये सुरुवातीपासून एकही सामना खेळलेला नाही, असा टोमणा होता. खाली स्टर्लिंगने आपलं म्हणणंही लिहिलं. जुन्या काळी हे सांगायला त्याला त्याच वर्तमानपत्रांचे उंबरे झिजवावे लागले असते. आणि २०१९मध्ये फुटबॉल लेखक संघटनेने आपला पुरस्कार स्टर्लिंगलाच दिला. कँटोनाच्या वेळचा दिलदारपणा पत्रकारांनी अगदीच विकून खाल्लेला नव्हता.

आपल्याकडेही हे पाहायला मिळालं. जून २०१८मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक झाली आणि पाहायला माणसं होती २,५६९. छेत्रीने फोनसमोर उभं राहून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. मे २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्तीची बातमीही त्याने स्वतःच व्हिडिओतून दिली. दोन्ही वेळा त्याचं बोलणं खरं आणि आतून आलेलं होतं. भारतीय फुटबॉलला पानाच्या कोपऱ्यात ढकलणाऱ्या वर्तमानपत्रांकडे ते त्याने का न्यावं, याला उत्तर नाही.

तरीही हिशेब मांडला तर काही शिल्लक राहतं. खेळाडूच्या व्हिडिओत तो हवं ते सांगतो. पण पेनल्टी का चुकली, त्या करारात काय होतं, दुखापत लपवली कुणी, हे तो आपणहून कशाला सांगेल? ते विचारायला समोर दुसरा कुणी लागतो, ज्याला त्याच्या लाइक्सची फिकीर नाही. जुन्या पत्रकारांतला मथळेबाज गेला तर बरंच झालं. फाटकाबाहेरचा कॅमेरा गेला तर त्याहून बरं. पण त्यांच्याबरोबर खेळ जाणणारा, समोर बसून विचारणारा आणि दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणारा वार्ताहरही निघून चालला आहे, आणि तो जाऊ देण्यात आपला तोटा आहे. तेव्हा आवडत्या खेळाडूचा व्हिडिओ जरूर पाहा, त्याला दादही द्या. फक्त तो संपल्यावर एवढं शोधा, की यात त्याला न आवडणारा एक तरी प्रश्न कुणी विचारला होता का.