खुर्ची मिळाली, पण दार अरुंदच

चाकाची खुर्ची मिळवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. अपंगांना कुबड्या, कृत्रिम पाय, खुर्ची अशी साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. शिबिर भरते, नावे पुकारली जातात, फोटो निघतो. मग ती खुर्ची चाळीत येते आणि संडासाच्या दारात अडते. खुर्चीची रुंदी दोन फुटांहून थोडी जास्त आणि दार जेमतेम दोन फूट. शेवटी खुर्ची घडी घालून गॅलरीत ठेवली जाते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. अशा तीन खुर्च्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. सरकारी कागदावर ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला, पण उंबरठा होता तेवढाच राहिला.

आम्ही दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहितो. आपली बहुतेक कुटुंबे ज्या घरांत राहिली ती सरकारी किंवा पालिकेची. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास, लिफ्ट नाही. राबणारा, धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच ही बांधणी झाली. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुन्या चाळी, संक्रमण शिबिरे आणि सफाई कामगारांच्या वसाहती यांत राहणाऱ्या अपंगाने नवी इमारत होईपर्यंत काय करायचे?

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. मुलगा सफाई कामगार, खोली त्याच्या नोकरीवर मिळालेली. मधुमेहाने मावशींचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. संडास गॅलरीच्या टोकाला, त्याला सहा इंचांची पायरी, आत उकिडवे बसायचे. मुलगा रात्रपाळीला गेला की उचलून नेणारे कोणी नाही. म्हणून मावशींनी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणेच सोडले. सून म्हणाली, “भाऊ, उन्हाळ्यात ओठ सुकतात त्यांचे, पण घोटभर घेत नाहीत.” हे ऐकून आम्ही अर्ज लिहायला बसलो.

पहिल्या कचेरीत सांगितले, मालमत्तेत फेरफार करता येत नाही. दुसरीत सांगितले, ही जागा आमच्या अखत्यारीत नाही. तिसऱ्या कचेरीतले गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, “आमच्याकडे खुर्चीची योजना आहे, दाराची नाही.” तिघेही आपापल्या फायलीपुरते खरेच बोलत होते आणि मावशी तहानलेल्या राहत होत्या. अकरा महिन्यांनी दुरुस्तीस हरकत नसल्याचे पत्र मिळाले. शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. चाळीतल्याच एका गवंडी दादाने पायरीला सिमेंटचा सहा फुटांचा उतार केला, दाराची चौकट रुंद केली, भिंतीला पकडायला स्टीलची दांडी बसवली. वर कमोडची खुर्ची आणली. काम दोन दिवसांचे होते. आता मावशी रात्रीही पाणी पितात.

शेजाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु वर्गणीतून एका मावशीची सोय होते, वसाहतीतल्या सगळ्यांची होत नाही. आणि आजारी माणसाने संडासाला जाण्यासाठी वर्गणीची वाट का पाहावी? आपल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत शासनाने साहाय्य करावे असे मार्गदर्शक तत्त्व घातलेले आहे. ते दयेचे नव्हे, हक्काचे शब्द आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी गृहयोजनांत ५ टक्के आरक्षण दिले. नव्या इमारतींचे नकाशे अपंगांना वावरता येईल असेच हवेत, असेही त्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक करण्यास केंद्राला बजावले. हे सर्व चांगले आहे. परंतु पुष्कळ माणसे घर मिळाल्यानंतर अपंग होतात. कोणी अपघाताने, कोणी लकव्याने, कोणी साखरेच्या आजाराने. त्यांना नवे घर नको असते. आहे त्या घरात दांडी, उतार आणि रुंद दार एवढेच हवे असते. नेमके तेच करून देणारी खिडकी आम्हाला कुठे सापडली नाही.

इंग्लंडमध्ये अशी सोय कायद्यातच आहे. तिथल्या १९९६ च्या कायद्यानुसार अपंगाच्या घरातील फेरफारासाठी अनुदान मिळते. इंग्लंडपुरती त्याची कमाल मर्यादा ३०,००० पौंड आहे. रोजच्या हालचालींचा अभ्यास केलेला थेरपिस्ट घरी येतो, माणूस कसा उठतो, कसा बसतो ते पाहतो आणि काय बदलावे ते लिहून देतो. पूर्ण अर्जावर सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावाच लागतो. तिथेही दिरंगाईच्या तक्रारी आहेत. पण दिरंगाई झाली असे म्हणायला आधी मुदत ठरलेली असावी लागते. आपल्याकडे मुदतच नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अर्ज एकच असावा आणि कचेऱ्यांमधला पत्रव्यवहार कचेऱ्यांनीच करावा. घर पाहायला जाणकार माणूस यावा. दांडी, उतार यांसारखे छोटे काम महिन्याभरात व्हावे. दुरुस्ती शक्य नसेल तर तळमजल्याची खोली बदलून मिळावी. पैशाचे म्हणाल, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा राज्य शासनाचा आदेश आहेच. त्यातला काही भाग घरदुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

तोपर्यंत आपण घरच्या घरी काय करावे? पायरीची उंची आणि दाराची रुंदी मोजून कागदावर लिहा. एक इंच उंचीला बारा इंच उतार हे माप ध्यानात ठेवा; त्याहून चढ उभा झाला तर खुर्ची मागे घसरते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवा. अर्ज लेखीच द्या आणि त्याची तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असे धरले जाते. एका चाळीतल्या पाच घरांनी मिळून अर्ज दिला तर तो टाळणे कठीण जाते.

आणि एक गोष्ट अर्ज लिहिण्याच्या आधीची. घरातल्या अपंग माणसाजवळ बसा आणि विचारा, “दिवसभरात तुम्हाला कुठे अडते?” मुलगा सांगेल, सून सांगेल, शेजारी सांगतील, पण कुठे अडते हे तोच माणूस नेमके सांगू शकतो. त्याचेच उत्तर अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा.