मारुतीची लेकरं

परभणीत कुणी विचारलं, काय करतोस, तर मी "जनावरांचा डॉक्टर" एवढंच सांगतो. पुढचं सांगायला घेतलं की समोरच्याचा चहा गार होतो. मी एका संशोधन संस्थेत माकडं सांभाळतो. लाल तोंडाची, ऱ्हीसस जातीची. त्यांची वीण, तब्येत, नोंदी, सगळं.

आमच्याकडे पारावर मारुती आणि शेतात वानर. हरभऱ्याला घाटे लागले की काळ्या तोंडाची टोळी उतरते. लोक गोफण घेऊन तिच्यामागे धावतात आणि शनिवारी त्याच हातांनी नारळ फोडतात. धाराशिवजवळच्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. आमच्या शेजारच्या माजलगाव तालुक्यात २०२१ च्या डिसेंबरात वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर न्यायला लागली, तेव्हा मात्र वनखात्याला बोलवावं लागलं. म्हणजे नातं आहे, पण सरळ नाही. त्यामुळे आजी जेव्हा विचारते, "मारुतीच्या लेकरायला कोंडून ठेवता व्हय रे तुम्ही?" तेव्हा मी हसण्यावारी नेत नाही.

कोंडतो, हे खरं. पण नुसतं कोंडून वीण होत नाही. एका गटात एक मोठा नर आणि काही माद्या असतात. मादीचा मान आईकडून लेकीकडे जातो. वरच्या मानाची मादी उपचारासाठी दोन दिवस बाहेर काढली तरी मागे मारामाऱ्या होतात. म्हणून कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाच्या उवा काढतं, हे पाहणं माझ्या कामाचा मोठा भाग आहे. नर ठरावीक काळाने बदलायचे, नाहीतर नात्यातच वीण होते. आपल्यासारखंच त्यांच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज पेरू किंवा लिंबूवर्गीय फळ. आणि सगळ्यात मोठी भीती टीबीची. तो बहुतेकदा आपल्याकडूनच त्यांच्याकडे जातो. वरच्या पापणीत चाचणीची सुई देतात आणि तीन दिवस डोळा सुजतो का ते बघतात. सांभाळणाऱ्यांचीही तपासणी होते. खोकला असेल तर आत प्रवेश नाही.

मादी साधारण चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. गर्भ साडेपाच महिन्यांचा, पिल्लू बहुतेक वेळा एकच. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एके काळी भारताला माकडं वाढवायची गरजच वाटत नव्हती. पकडायची आणि विमानात घालायची. १९३८ मध्ये इथून नेलेली सुमारे ४०० माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात. १९५० च्या दशकात पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवायचे. त्यासाठी भारतातून लाखो माकडं गेली. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली. मग अमेरिकेने स्वतःच्या वसाहती वाढवल्या. आपण मात्र त्यात मागे राहिलो.

२०२० मध्ये ते अंगाशी आलं. कोव्हॅक्सिनची चाचणी आधी माकडांवर करायची होती आणि प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडं देशात मिळेनात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची माणसं जंगलं धुंडाळत फिरली. लॉकडाऊनमुळे शहरात खायला टाकणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे माकडंही पांगली होती. अखेर वनखात्याच्या मदतीने ती नागपूरच्या बाजूला सापडली. २० माकडं, पाच-पाचचे चार गट. एका गटाला लस दिली नाही. नंतर सगळ्यांना विषाणू दिला. लस मिळालेल्या तिन्ही गटांत न्यूमोनिया दिसला नाही. पुढे तीच लस तुमच्या-माझ्या दंडात गेली.

माझ्या आजीच्याही.

मला त्या वीसांबद्दल एकच गोष्ट खटकते. ती रानातली होती. त्यांची आई कोण, टोळीत मान काय, मागे पिल्लू राहिलं का, हे कुठल्याच वहीत नव्हतं. वाढवलेल्या माकडाचं निदान एवढं तरी आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक असलं की त्याला प्रयोगाला पाठवताना हात जड होतो. तो जड व्हायलाच हवा. किती माकडं, कशासाठी, याशिवाय चालणार नाही का, हे प्रश्न त्या जडपणातूनच नेटाने विचारले जातात. २०२३ मध्ये आपल्या औषध नियमांनी पेशी आणि चिपवरच्या चाचण्यांनाही वाट करून दिली. उद्या त्या पुरेशा ठरल्या, तर माझी नोकरी जाईल आणि मी आनंदाने परभणीत गाई-म्हशी तपासेन.

पण तोवर चार वर्षं आणि साडेपाच महिने हा हिशेब बदलत नाही. साथ आल्यावर वसाहत उभारता येत नाही. आपण आज ती सांभाळली नाही, तर उद्या माकडं वाचतील असं नाही. पिंजरे घेऊन माणसं पुन्हा जंगलात जातील, एवढंच.

आजीला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नावं ठिवली का त्यायची?"

नंबर असतात, मी म्हणालो. पण नावंही आहेत.