आईची पलटण

सोमवारी लंचला हमखास विषय निघतो, 'वीकेंडला काय केलंस?' कुणी लोणावळ्याला गेलेलं असतं, कुणी मल्टिप्लेक्सला. मी सांगते, 'खुराड्याला जाळी ठोकली.' मग टेबलावर दोन मिनिटं शांतता! हिंजवडीत कोंबडी म्हणजे बिर्याणीतली, बस्स.

आमचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत. आईच्या परसात सध्या १४ गावठी कोंबड्या, २ कोंबडे, ४ बदकं आणि ३ गिनी फाउल अशी पलटण आहे. प्रत्येकाचं जॉब प्रोफाइल वेगळं. गिनी फाउल म्हणजे सिक्युरिटी. साप दिसो, मुंगूस दिसो नाहीतर पोस्टमन, असा काही कलकलाट करतात की अख्खी वाडी बाहेर येते. २०२० मध्ये मी लॅपटॉप घेऊन गावी होते, तेव्हा माझ्या प्रत्येक क्लायंट कॉलला त्यांचं बॅकग्राउंड म्युझिक असायचं. पण हे महाशय रात्री आत यायला तयार नसतात, फणसावरच झोपतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातला एक तिथूनच गेला. सकाळी खाली फक्त ठिपक्यांची पिसं.

बदकं अंडी देतात पहाटे, म्हणून आठ वाजेपर्यंत त्यांना सोडायचं नाही. आधी सोडलीत तर अंडं गेलं ओहोळात. एखादी कोंबडी खुडूक झाली की आई कधी कधी तिच्याखाली बदकाची अंडी ठेवते. बिचारी २१ ऐवजी २८ दिवस बसते, आणि मग पिल्लं पाण्यात उतरली की काठावर तिचा जो थयथयाट होतो, तो बघायला तरी एकदा याच!

आता जाळीबद्दल. बाजारात स्वस्त षटकोनी जाळी मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला अडवत नाही. आम्ही अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावली, आणि खाली बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती-दगड टाकले. उकरणारा भिंतीलगतच उकरतो आणि जाळीला अडतो. मुंगूस दिवसा येतं, कांडेचोर रात्री. दोघांनाही मारायचं नाही. कायदा आहेच, शिवाय आईच्या मते मुंगूस आहे म्हणून साप लांब आहेत.

खरं संकट मात्र जाळीतून येणारं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्याचं निष्पन्न झालं आणि टीव्हीवर दिवसभर तेच. २००६ चं नवापूर आईच्या लक्षात होतंच. मुंबईहून दादाचा फोन आला, 'सगळं विकून टाक. अंड्यांचे महिन्याला असे किती येतात? तेवढे मी पाठवतो.'

आई शांतपणे म्हणाली, 'तू पाठवशील ते तुझे पैसे. हे माझे आहेत.'

बाबांच्या पगारात घर चालायचं. आईचे स्वतःचे असे पैसे म्हणजे अंड्यांच्या पैशांचा तो बोर्नव्हिटाचा डबा. माझ्या पहिल्या कॉम्प्युटर क्लासची फी त्यातूनच गेली, बाबांना न सांगता.

पण दादाची भीती खोटी नव्हती. बदकं कधी कधी काहीही लक्षण न दाखवता हा विषाणू बाळगतात, आणि कोंबड्यांत तो शिरला की परस रिकामं. मग मी आणि आईने नियम ठरवले. बदकांचं पाणी वेगळं, कुंपणापलीकडे. दाणा छपराखाली, म्हणजे कावळे-साळुंक्या ताटात तोंड घालणार नाहीत. खुराड्यात जायची चप्पल वेगळी. बाजारातून आणलेला पक्षी महिनाभर एकटा, घरामागे. राणीखेतची लस तर आता वाडीचा कार्यक्रमच झालाय. एका कुपीत १०० डोस, आणि फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे आई आदल्या दिवशी घरोघर निरोप देते आणि थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणवते.

टर्कीला मात्र मी ठाम नाही म्हटलंय. कोंबड्यांच्या विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांतून टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग होतो. कोंबडी त्यातून तगते, टर्की बहुतेक मरते. हे सगळं मी आईला नीट समजावलं. तिने ऐकूनही घेतलं.

परवा फोनवर म्हणाली, 'अगं, इसार दिलाय. वेगळा वाडा बांधायला तू कधी येतेयस?'