चालचलनाचा दाखला

मोहगावात आमच्या ओसरीवर संध्याकाळी चार माणसे जमली की बोलणे कपाशीच्या भावावरून संत्र्याच्या मृग बहारावर आणि तेथून कोणाच्या तरी मुलाच्या प्रवेशावर अथवा नोकरीवर हटकून येते, आणि एकदा का ते तेथे आले, की "वर कोणाची ओळख आहे का?" हा प्रश्न टाकल्यावाचून बैठक उठत नाही. परवा अशीच बैठक भरली असता न्यू जर्सीहून माझ्या पुतणीच्या मुलीचा फोन आला. तिला तिकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करावयाचा होता, शिफारसपत्र देण्यास सात जणांनी रुकार दिला होता, आणि "आजोबा, ह्यांतली कुणाची घेऊ?" एवढेच तिला विचारावयाचे होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच शेजारच्या मालगुजार घराण्यातील एका सद्गृहस्थांनी निकाल देऊन टाकला : "डॉक्टरसाहेब, मोठ्या साहेबाचं पत्र मी आणून देतो ना! कायले एवढा इचार करून राहिले?"

मला हसू आले, तरी त्यांना दोष देववेना. शिफारस हा शब्द फारशीतून आपल्या दप्तरांत आला आणि वशिला हा अरबीतून. एकाचा अर्थ कोणासाठी शब्द टाकणे, दुसऱ्याचा अर्थ साधन. परंतु कचेऱ्यांच्या पायऱ्या चढता-उतरता दोहोंची अशी सरमिसळ झाली की शिफारस म्हटल्याबरोबर लिहिणाराचे वजन तेवढे डोळ्यांपुढे येते आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे तो बिचारा कोठल्या कोठे राहतो. तिकडच्या प्रवेशसमितीला जे हवे असते त्याला आपल्या जुन्या दप्तरी भाषेत चोख शब्द आहे, साक्ष; आणि साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच असतो की, बाबा, तू तेथे हजर होतास का?

मला हे उमगावयास निम्मे आयुष्य लागले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हा हाकेच्या अंतरावरचे नागपूर सोडून आम्हां मराठी मुलांना जबलपूरकडे तोंड करावे लागले. राज्याचे पूर्व-वैद्यकीय परीक्षा मंडळ १९७० सालचे. माझा अर्ज त्याच्या आधीचा. गुणपत्रिकेसोबत चालचलनाचे दाखले जोडावेत, असा शिरस्ता होता, आणि वडिलांनी दोन मिळवले. पहिला एका बड्या अंमलदाराचा. ह्या गृहस्थांनी मला जन्मात पाहिले नव्हते, पण 'अर्जदारास मी लहानपणापासून उत्तम प्रकारे ओळखतो' असे त्यांनी निःशंकपणे लिहून खाली शिक्का उमटवला होता. दुसरा आमच्या विज्ञानाच्या मास्तरांचा, निळ्याकाळ्या शाईने लिहिलेला, अर्ध्याच पानाचा. त्यांनी लिहिले होते की, बेडकाच्या विच्छेदनाच्या वेळी हा मुलगा घेरी येऊन पडला. दुसऱ्या दिवशी कोणी न बोलावता प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला, आणि त्या दिवशी पडला नाही. वडिलांनी चष्मा खाली करून तो मजकूर दोनदा वाचला, "मास्तरनी हे काय लिहून ठेवलं!" असे ते खिन्नपणे म्हणाले, आणि तो कागद पेटीत गेला. शिक्क्याचा दाखला जबलपूरला गेला. प्रवेश मला गुणांवर मिळाला. दाखला तेथे कोणी उलगडून पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

पुढे एका सरकारी महाविद्यालयात तीस वर्षे मी शरीररचनाशास्त्र शिकवले, आणि मुले परदेशी जाऊ लागली तशी पत्रे लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. तेव्हा ज्या अंमलदाराला मी मनातल्या मनात हसत असे, त्याचाच कित्ता मी गिरवला, हे कबूल केले पाहिजे. विभागातील टंकलेखकाजवळ एक ठरीव मसुदा असे : कष्टाळू, आज्ञाधारक, सुस्वभावी, वगैरे, नाव बदलावयाचे आणि सही ठोकावयाची. एके वर्षी दोन मुलांनी अमेरिकेतील एकाच रुग्णालयात अर्ज केले. मुलाखत घेणाराने दोन्ही पत्रे शेजारी शेजारी मांडली आणि त्यांतल्या एकाला विचारले, "हे पत्र तुमच्याविषयी आहे की तुमच्या मित्राविषयी?" त्या मुलाची निवड झाली नाही. त्याने मला हे कळवले ते रागाने नव्हे, आणि म्हणूनच ते पत्र मला फार दिवस बोचत राहिले.

त्यानंतर मी एक वही घातली. विच्छेदनगृहातून बाहेर पडताना दिसले ते दोन ओळींत टिपून ठेवावयाचे. त्यातली एक नोंद अजून आठवते : 'काखेतील मज्जातंतूंचे जाळे उकलताना एक तंतू कापला, लपवला नाही, टेबलावरच्या सर्वांदेखत सांगितले.' ज्याच्या नावावर नोंद नाही त्याला पत्र नाही, हा नियम केल्यामुळे कित्येक पालक माझ्यावर रुसले. एकाने तर लग्नाचे आमंत्रणही दिले नाही.

नात ज्या न्यू जर्सीत राहते तेथल्याच रोझेल गावातून २८ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी ह्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्याच्या आधीची हकीकत मोठी उद्बोधक आहे. त्यांचे पती गोपाळराव ह्यांनी साहाय्यासाठी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला गळ घातली होती. त्याने धर्मांतराची अपेक्षा सुचवली, ती ह्या दांपत्याने मानली नाही, आणि पत्रव्यवहार मिशनच्या नियतकालिकात छापून तो मोकळा झाला. म्हणजे वजनदार माणसाला घातलेली गळ वायाच गेली. परंतु तोच छापील मजकूर रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला, त्यांनी अपरिचित मुलीला पत्र लिहिले, पत्रव्यवहार वाढत गेला, आणि अखेर आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. स्वतःच्या अर्जात मात्र त्यांनी कोणाचा डामडौल मिरवला नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी आपण होऊन लिहिले, आणि स्वकीयांचा विरोध पत्करून आपण येथवर आलो ह्याकडे लक्ष वेधले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. मास्तरांचे ते पेटीतले अर्धे पान मला ह्या अर्जाच्याच जातीचे वाटते.

नातीला मी प्रथम प्रत्येक महाविद्यालयाची यादी काढावयास सांगितले, कारण तिकडच्या मध्यवर्ती अर्जसेवेत १० पत्रे ठेवता येत असली तरी कोणाला विज्ञानाच्या दोन शिक्षकांची आणि अन्य विषयाच्या एकाची हवी असतात, तर कोणी महाविद्यालयाच्या समितीचे एकत्रित पत्र पसंत करते; तेथे आपली मर्जी चालत नाही. मग एकेका नावावर मी एकच प्रश्न केला : "त्यांनी तुला चुकताना पाहिलंय का?" नामांकित शल्यविशारद ह्या प्रश्नालाच गळाले, ती त्यांच्यामागे दोनच दिवस हिंडली होती. तीनशे मुलांच्या वर्गाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक तिला केवळ गुणांवरून ओळखत. प्रयोगवर्ग घेणाऱ्या सहायिकेने लिहावे आणि प्राध्यापकांनीही खाली सही करावी, ही तिकडची रूढ वाट मी सुचवली. वृद्धाश्रमाच्या पर्यवेक्षिकेपाशी ती अडखळली. "आजोबा, त्या तर डॉक्टरही नाहीत." पण दोन वर्षे दर रविवारी ती त्यांच्या हाताखाली राबली होती, आणि एका आजीबाईंना चुकून दुसऱ्यांचे जेवण वाढल्याबद्दल त्यांची बोलणीही तिने खाल्ली होती. "त्यांचं पहिलं घे," मी म्हणालो.

शेवटी सहीचा प्रश्न निघाला. १९७४ च्या कायद्याने तिकडच्या विद्यार्थ्याला अशी पत्रे पाहण्याचा हक्क आहे आणि तो लेखी सोडूनही देता येतो. मी सोडावयास सांगितले. उमेदवाराने वाचलेले पत्र म्हणजे आरोपी खांद्याशी उभा असताना दिलेली जबानी.

"म्हणजे त्यांनी काय लिहिलं ते मला कधीच कळणार नाही?"

"नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने सही केली.

मोठ्या साहेबांचे पत्र तिसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन पडले. कागद जाड, वर छापील मथळा, खाली ठसठशीत शिक्का. उमेदवाराच्या नावाची जागा मात्र आम्ही भरून घ्यावी म्हणून कोरी सोडली होती.