शून्याचा अर्थ

आम्ही कला शाखेचे पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवावा, वार्षिक अंकाचे लेख तपासावेत आणि दिवा गेला तर शिपायाला हाक मारावी, एवढाच आमचा विज्ञानाशी संबंध. परंतु गेल्या वर्षी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांची बदली झाली, प्रदर्शन तोंडावर आले, आणि मुख्याध्यापकांनी कपाटातील एक पुठ्ठ्याची पेटी आमच्या हाती देऊन म्हटले, "तूर्त हे तुम्हीच सांभाळा." पेटीत पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक, सोळा पायांची एक काळी चिप, रंगीबेरंगी तारांची जुडी आणि सूचनांचा एक कागद होता. आम्ही पेटी झाकली आणि तीन दिवस तिच्याकडे पाहिले नाही.

चौथ्या दिवशी नववीतील एक मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. हा मुलगा बैहरकडचा. आमची शाळा सीमेच्या अलीकडे, गोंदिया जिल्ह्यात. बैहर पलीकडे, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, घाट चढून गेल्यावर सालवनांच्या प्रदेशात वसलेले. मुलगा मामाच्या घरी राहून शिकत होता. त्याच्या घरची भाषा गोंडी, बाजाराची हिंदी आणि शाळेची मराठी. वर्षभरात त्याच्या तोंडून आम्ही एकच शब्द ऐकला होता, आणि तो म्हणजे हजेरीच्या वेळचा 'हजर'. सहामाही परीक्षेत 'माझे घर' या निबंधाचे पान त्याने कोरे दिले होते आणि आम्ही त्यावर लाल शाईने शून्य मांडले होते.

त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "सर, याने पाणी मोजता येते का?"

हळूहळू उलगडा झाला. घरामागे त्यांचे गव्हाचे लहानसे शेत आहे. पंपाला वीज बहुधा रात्रीच मिळते. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले की नाही हे पाहण्यासाठी वडील कडाक्याच्या थंडीत दोन-दोनदा उठून बांधावर जातात. कान्हाचे जंगल तेथून दूर नाही. बिबट्या आणि अस्वल यांना शेताची हद्द ठाऊक नसते. वडील परत येईपर्यंत आई दारात बसून राहते. हे सारे त्याने दहा-बारा तुटक शब्दांत सांगितले. आम्ही पेटी पुन्हा उघडली.

विद्यार्थी मित्रहो, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते तुम्हांलाही सांगतो. पेटीतील संगणकाचे नाव रास्पबेरी पाय. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याच्याशी खटपट करावी, या हेतूने इंग्लंडातील केंब्रिज येथे तो तयार झाला आणि २०१२ साली विक्रीस आला. त्याच्यावर चालणारी कार्यप्रणाली लिनक्स. तिचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. हा संगणक हुशार खरा, पण त्याला केवळ 'आहे' आणि 'नाही' एवढेच कळते. निसर्ग मात्र असा वागत नाही. माती कोरडी असते, किंचित ओलसर असते, ओली असते, चिंब असते. आणि या अवस्थांमध्ये कोठेही रेघ मारलेली नसते. निसर्ग घाटासारखा चढतो, संगणकाला पायऱ्या लागतात. घाटाच्या पायऱ्या करून देण्याचे काम ती काळी चिप करते. तिचे नाव एमसीपी ३००८. तिच्याकडे आठ वाटांनी विजेचा दाब आणता येतो, आणि शून्यापासून ३.३ व्होल्टपर्यंतच्या चढाच्या ती १०२४ पायऱ्या पाडते. म्हणजे एक पायरी सुमारे ३.२ मिलिव्होल्टची. शून्यापासून १०२३ पर्यंतचा जो अंक ती देते, त्याला ३३०० ने गुणून १०२४ ने भागले की दाब मिलिव्होल्टमध्ये मिळतो. एवढे गणित आम्हांलाही जमले.

परंतु चिप बोलली तरी संगणकाला ते समजावे कसे? त्यासाठी ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे एस.टी.चे चाक धरून बसलेली खाकी मूर्ती उभी राहते; येथे मात्र ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. चिपला प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचा, तिच्या उत्तरातील दहा खुणा कशा वेचायच्या, हे त्याला ठाऊक असते. लिनक्सने असले अनेक दुभाषे पदरी बाळगले आहेत, आणि मोजमाप करणाऱ्या चिपांचे दुभाषे 'इंडस्ट्रियल आय-ओ' नावाच्या एका स्वतंत्र दालनात बसविले आहेत. आमच्या चिपचा दुभाषाही तेथे आधीच हजर होता. मग अडचण कोणती? अडचण एवढीच, की चिप आली आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ही गोष्ट आम्हांला फार नवलाची वाटली. यूएसबीच्या खाचेत एखादे उपकरण खोचले की ते आपण होऊन आपले कूळ आणि क्रमांक सांगते. परंतु आमची चिप ज्या चार तारांच्या मार्गाने जोडली जाते, त्या एसपीआय मार्गावर नाव सांगण्याची रीतच नाही. चिप दाराशी उभी असते, तिला सर्व काही येत असते, पण ती 'मी आले' असे म्हणू शकत नाही. तिची ओळख दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते. त्यासाठी संगणक सुरू होताना एक वंशवृक्षासारखा तक्ता वाचतो. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. आपल्या घरात कोण कोठे राहते, ते तो त्यावरून समजून घेतो. या तक्त्याला पुरवणी जोडण्यासाठी 'कॉन्फिग' नावाच्या फाइलीत दोन ओळी लिहाव्या लागतात. पहिलीत एसपीआय मार्ग खुला करायचा, आणि दुसरीत चिपचे नाव घालून ती कोणत्या दाराशी आहे ते लिहायचे.

डिसेंबरात रजा काढून आम्ही पेटीसह बैहरला गेलो. गोंदियाहून बालाघाटपर्यंत आगगाडी, पुढे घाटातून बस. मुलाच्या वडिलांनी अंगणात खाट टाकली आणि हात जोडून म्हटले, "गुरुजी, खेत देख लो, फिर बाजा लगाओ." त्यांच्या लेखी ते यंत्र बाजाच होते, कारण पाणी पोहोचले की ते वाजणार होते.

शेवटच्या वाफ्यात आम्ही दोन सळ्या वीतभर अंतरावर रोवल्या आणि त्यांची तार घरात आणली. माती कोरडी असली की सळ्यांमधून वीज जवळजवळ वाहत नाही आणि दाब चढा राहतो. पाणी आले की वीज वाहते आणि दाब उतरतो. तो दाब चिपच्या पहिल्या वाटेवर आणला. मग दोन ओळी लिहिल्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्या दालनात डोकावलो. दालन रिकामे! चूक झाल्याचा निरोप नाही, तक्रार नाही. जणू चिप जगात जन्मालाच आली नव्हती. रात्री दहापर्यंत आम्ही तारा काढल्या आणि घातल्या. शेवटी कंदिलाच्या उजेडात सूचनांचा कागद पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले. आम्ही चिपचे नाव लिहिले होते, पण त्यापुढचा तुकडा गाळला होता. मार्ग शून्य, दार शून्य आणि शेवटी इंग्रजीतील 'प्रेझेंट' हा शब्द, असा तो तुकडा होता. 'प्रेझेंट' म्हणजे हजर! नाव पटावर असून भागत नाही. हजेरी लागल्याशिवाय दुभाषा जागचा हलत नाही.

तो शब्द लिहिताच सकाळी दालनात फाइल उगवली. तिचे नाव 'इन-व्होल्टेज-झीरो-रॉ', म्हणजे पहिल्या वाटेचा कच्चा अंक. आम्ही ती मोठ्या उत्साहाने उघडली. अंक होता ०. सळ्या जमिनीतून उपसून हवेत धरल्या, तरी ०. पाण्याच्या बादलीत बुडविल्या, तरी ०. आम्ही हताश होऊन जाहीर केले, "चिप निकामी आहे. हिला काही येत नाही."

मुलगा चुलीपाशी बसून वडिलांशी बोलत होता. गोंडीत बोलत होता. आम्ही प्रथमच त्याला बोलताना ऐकले. शब्द आम्हांला कळत नव्हते, पण वाक्यामागून वाक्य येत होते, मध्येच हसू येत होते, हात हलत होते. वर्गात खाली मान घालून बसणारा मुलगा तो हाच, यावर विश्वास बसेना. मग तो उठून आला, चिपवर वाकला, कागदावरील आकृतीशी एकेक पाय ताडून पाहू लागला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सर, येण्याची तार जाण्याच्या ठिकाणी लागली आहे."

खरेच, बाराव्या आणि अकराव्या पायांच्या तारांची अदलाबदल झाली होती. चिपचे उत्तर ज्या तारेवर यायचे, ती तार आम्ही तिला प्रश्न विचारण्याच्या पायात खोचली होती. संगणक मोकळ्या तारेला कान लावून बसला होता आणि तेथे काही ऐकू न आल्यामुळे दुभाषा प्रामाणिकपणे शून्य लिहीत होता. तारा बदलल्या आणि पडद्यावर ८७१ उमटले. म्हणजे सुमारे २.८ व्होल्ट. कोरडी माती! सळ्यांपाशी तांब्याभर पाणी ओतले, तर २४०. मुलगा हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. डोळ्यांपुढे एक कोरे पान आणि त्यावरचे आमचे लाल शाईतले शून्य उभे राहिले.

वाचकहो, आमची मातृभाषा कोंकणी. आमचे बालपण गोव्यात गेले आणि प्राथमिक शाळा मराठी. पहिलीत गुरुजींनी पाटी का आणली नाही असे विचारले, तेव्हा आम्ही "म्हाका मेळ्ळी ना" असे उत्तर दिले आणि सारा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही तोंड उघडले नाही. गुरुजींची समजूत झाली की पोर मठ्ठ आहे. एके दिवशी शेजारचा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, याला सगळे येते, पण कोंकणीत येते." ते एक वाक्य झाले नसते, तर आज आमच्या हाती खडू नसता. आमची भाषा १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली. गोंडीला ते स्थान अद्याप मिळालेले नाही. परंतु दाराशी मुकाट उभ्या असलेल्या लेकराची ओळख करून देण्यास अनुसूची लागत नाही, एक शेजारी पुरतो. आम्ही मात्र तो शेजारी विसरलो होतो, आणि त्या गुरुजींच्याच खुर्चीत बसून त्यांचीच चूक करीत होतो.

त्या रात्री वीज साडेअकराला आली. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लिहून दिलेला लहानसा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी सोळा अंक वाचून त्यांची सरासरी काढीत होता. कारण लांब तारेवर अंक थोडेफार थरथरतात, आणि एकाच वाचनावर निकाल देणे बरे नव्हे. सरासरी ४०० च्या खाली गेली की घंटी वाजायची होती. वडील घोंगडी पांघरून बसले होते; त्यांचा यंत्रावर विश्वास नव्हता आणि काठी हाताशीच होती. ८६८, ८६५, ८७०. एक वाजला, दोन वाजले. तीनच्या सुमारास अंक घसरू लागला: ७१०, ५२२, ३८४. घंटी वाजली. वडील काठी घेऊन गेले, पंप बंद करून आले आणि म्हणाले, "पानी आखरी तक है." एकच फेरी झाली. आई त्या रात्री दारात बसली नाही.

प्रदर्शनात आमच्या यंत्राला बक्षीस मिळाले नाही. साध्या लोखंडाच्या सळ्या ओल्या मातीत लवकर गंजतात, त्यामुळे काही दिवसांनी अंक बिघडले आणि त्या बदलाव्या लागल्या. असो. परत आल्यावर आम्ही सहामाहीची ती उत्तरपत्रिका काढली आणि मुलाला म्हटले, "हा निबंध तू गोंडीत सांग, अडेल तेथे हिंदीत सांग. मराठीत आपण दोघे मिळून लिहू." त्याला तीन तासिका लागल्या. निबंधात रात्रीचे शेत होते, दारात बसलेली आई होती, आणि बांधावरून परतणाऱ्या वडिलांच्या विजेरीचा हलणारा उजेड होता. आम्ही लाल शाईचे शून्य खोडले आणि त्याशेजारी दुसरा अंक मांडला. तो किती, हे येथे सांगत नाही. पहिला अंक त्या मुलाचा नव्हता, आमच्या उलट्या तारेचा होता, एवढे मात्र सांगून ठेवतो.