दुकानात पाणी मागायला हवं होतं

चिनी मातीची किटली घेताना माणूस रंग बघतो, नक्षी बघतो, फडताळात ती कशी शोभेल हे बघतो. तिच्यातून चहा कसा पडेल, हे बघत नाही. निदान मी तरी बघितलं नाही. दोन किटल्या वाया गेल्या, पाहुण्यांनी अर्धे टाकलेले कप मुकाट्याने विसळावे लागले, तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. त्या चुका इथे क्रमाने सांगते. किटली घेण्याचा विचार असेल त्यांना उपयोगी पडतील.

पन्हाळगडावरच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. घरचा चहा म्हणजे पातेल्यात आधण, त्यात ठेचलेलं आलं, साखर, दाणेदार पावडर आणि म्हशीचं दूध. उकळी वर आली की गाळायचा. सज्जा कोठी, तीन दरवाजा बघून धुक्यात भिजून आलेल्या माणसाला तो आवडतोच. पण काही पाहुणे बिनदुधाचा चहा मागायचे. "पॉटमध्ये द्याल का? दूध वेगळं ठेवा," म्हणायचे. आपल्याकडे तशी किटली नाही याची मला लाज वाटायला लागली, आणि लाजेपोटी केलेली खरेदी बहुधा फसतेच.

कोल्हापुरात एका दुकानात निळी किटली दिसली. गोल पोट, बारीक बाकदार तोटी, झाकणावर इवलंसं बोंड. घासाघीस करून घेतली आणि गडावर आणली. सासूबाईंनी ती हातात घेतली, बोटाने टकटक वाजवली आणि म्हणाल्या, "पाणी घालून बघितलीस व्हय? मी माठ घेतो तर आधी वाजवून बघतो, पाणी भरून बघतो, मगच पैसे देतो." मी हसून विषय सोडला. माठाची रीत किटलीला कशाला लावायची, असं वाटलं.

पहिल्याच दिवशी कळलं. दुकानदाराने सहा कपांची म्हणून दिलेली किटली चार कप पाणी घातल्यावर तोटीतून आपोआप वाहायला लागली. कारण शाळेत शिकलेलंच होतं: पोटातलं पाणी आणि तोटीतलं पाणी एकाच पातळीवर राहतं. तोटीचं तोंड पोटाच्या काठापेक्षा खाली असेल, तर वरचा भाग कधीच भरता येत नाही. किटली समोर धरून डोळ्यांनी एक आडवी रेघ ओढली असती, तर हे दुकानातच दिसलं असतं. मी मात्र त्या झुकलेल्या तोटीलाच नजाकत समजले होते.

दुसरा दोष झाकणाचा. त्याला भोकच नव्हतं. चहा बाहेर पडायचा तर तेवढी हवा आत जायला हवी. झाकणाच्या कडेला फट नाही आणि भोकही नाही, म्हणून हवा तोटीतूनच आत शिरायची आणि चहा धारेने न पडता बुडबुड करत, धक्के देत पडायचा. बशीत अर्धा, कपात अर्धा. शिवाय किटली जास्त कलली की झाकण निसटायचं. मग एका हाताने कान आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तापलेलं झाकण, अशी कसरत पाहुण्यांसमोर चालायची.

तिसरा दोष सगळ्यांच्या ओळखीचा: ओतून झाल्यावर शेवटचा ओघळ तोटीखालून पोटावर येतो आणि टेबलक्लॉथवर उतरतो. मी हा माझ्या हाताचा दोष समजत होते. पुढे वाचलं तर या ओघळाने शास्त्रज्ञांनाही सोडलेलं नाही. इस्रायलमधले मार्कुस रायनर यांनी १९५६ मध्ये त्यावर लिहिलं आणि 'टीपॉट इफेक्ट' हे नाव रूढ झालं. न ओघळणाऱ्या तोटीचं गणित मांडणाऱ्या जाँ-मार्क व्हांडेन-ब्रोक यांना १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं हे पारितोषिक. आपल्या कामापुरतं सार असं: तोटीची कड जाड आणि गोलसर असेल आणि आपण भीत भीत, हळू ओतलं, तर धार कडेला चिकटून मागे वळते. कड पातळ आणि धारदार असेल, तर ती सुटून पडते. माझ्या किटलीची कड झिलईने छान गुळगुळीत झाली होती. दुकानात त्यावरून बोट फिरवून मी खूश झाले होते.

इथवरचे दोष किटलीचे. यापुढचे माझे.

मी त्या किटलीत घरचीच दाणेदार पावडर घातली. हा सीटीसी चहा. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी पानं चिरडून, फाडून, वळवून दाणे करायचं यंत्र आणलं. हे दाणे झपाट्याने रंग आणि कडकपणा सोडतात, म्हणूनच भरपूर दूध-साखरेसमोर टिकतात. दुधाशिवाय पाच मिनिटं मुरवले तर काढा होतो. मी तसाच काढा पाहुण्यांपुढे ठेवला. तोटीच्या मुळाशी असलेल्या भोकांत चोथा अडकला तो वेगळाच. बिनदुधाच्या चहाला अख्ख्या पानाचा, दार्जिलिंगचा किंवा निलगिरीचा चहा लागतो. ते पान पाण्यात उलगडतं, त्याला फुलायला जागा लागते. भांडं बदललं तर चहाही बदलावा लागतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

पान आणल्यावर प्रमाण चुकलं. किटलीतल्या चहासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे असं कळलं: आयएसओ ३१०३, साल १९८०. शंभर मिलीलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. मी तराजू काढला, घड्याळ लावलं आणि अगदी तसाच चहा केला. कडू झाला. मग पुन्हा नीट वाचलं. ते मानक चहा पारखणाऱ्यांसाठी आहे. वेगवेगळे नमुने एकाच पद्धतीने करून त्यांची तुलना व्हावी, हा त्याचा हेतू. कप चवदार व्हावा हा नव्हे. तुलनेचा नियम मी पाहुणचाराला लावला होता. आता पान थोडं कमी घेते, तीन-साडेतीन मिनिटांनी चाखते आणि सगळा चहा एकदम ओतून किटली रिकामी करते. पान पाण्यात राहिलं की दुसरा कप कडू होणारच.

मग उलटी तक्रार आली: चहा पांचट लागतो, कोमट असतो. मी दोष उंचीला दिला. गड समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर, त्यामुळे पाणी १०० ऐवजी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. हे खरं आहे, पण तीन अंशांनी चहा एवढा बिघडत नाही. खरी चोर होती थंड किटली. पावसाळ्यात फडताळातून काढलेली जाड मातीची किटली आधणातली उष्णता स्वतःच पिऊन टाकते. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या, हा सल्ला आपल्या लोकांना फार पूर्वी दिला गेला होता. १९३०-४० च्या काळात चहाचा खप वाढवण्यासाठी रेल्वे स्टेशनांवर चहा करण्याच्या पायऱ्या सांगणारे एनॅमलचे फलक लागले होते. गरम किटली, ताजं उकळतं पाणी, दूध-साखर शेवटी कपात, असा तो पाठ होता. आपण चहा घेतला, पाठ घेतला नाही, आणि सगळं एकत्र उकळून स्वतःचा चहा तयार केला. त्यात काही बिघडलं नाही. पण मी किटली घेतली होती, म्हणजे मला तो पाठ गिरवायला हवा होता.

मी तो गिरवला, पण घाईत. गरम पाण्याने विसळायचं सोडून किटली सरळ गॅसवर मंद आचेवर ठेवली. टिक् असा बारीक आवाज आला आणि बुडापासून कानापर्यंत तडा गेला. मातीचा एक भाग तापून फुगतो, शेजारचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत भांडं फुटतं. निळ्या किटलीचा विषय तिथेच संपला.

दुसरी किटली घेताना मी पहिलीतले दोष टाळले. तोटी उंच, झाकणाला भोक, कड पातळ. पण बाहेरून-आतून भडक नारिंगी झिलई बघून भुलले. वाजवून बघितली नाही. कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र राहते आणि वाजवली तर बद्द आवाज देते. १२०० अंशांच्या पुढे भाजलेलं स्टोनवेअर किंवा पोर्सेलिन खणखणतं. माठ सच्छिद्र हवा, कारण पाणी झिरपून वाळतं तेव्हाच तो गार राहतो. किटलीत तेच झिरपणं नको. माझ्या किटलीच्या झिलईवर काही दिवसांत केसासारख्या रेषांचं जाळं उमटलं, त्यातून चहा आतल्या मातीत मुरला आणि टेबलावर ओलं कडं पडू लागलं.

सगळ्यात गंभीर चूक याच किटलीत झाली. मी तिच्यात लिंबाचा चहा द्यायचे. झिलई कमी आचेवर वितळावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात शिसं घालतात, आणि आंबट पदार्थ ते शिसं ओढून घेतो, हे मला नंतर कळलं. विकणाऱ्याला विचारलं, तर झिलईत काय आहे हे त्याला सांगता आलं नाही. "वैनी, ती शोची हाय," एवढंच तो म्हणाला. विकताना हे सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. पाहुण्यांच्या पोटात काय जातंय याची जबाबदारी माझी होती. ती किटली त्याच दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर काढली.

आणखी एक चूक ऐकीव ज्ञानाची. किटली कधी धुवायची नसते, चहाचा राप बसला की चव वाढते, असं कोणीतरी सांगितलं. ही रीत चीनमधल्या यीशिंगच्या, झिलई नसलेल्या जांभळट मातीच्या किटल्यांची आहे. तिथेही साबण लावत नाहीत इतकंच. गरम पाण्याने विसळून किटली उघडी वाळवतातच. मी झिलईच्या किटलीला तो नियम लावला, वर ओली असतानाच झाकण घालून ठेवली. १६६० च्या आषाढात ज्या पावसाच्या आडून शिवाजी महाराज या गडावरून निसटले, त्या पावसात इथे चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. किटलीच्या तोटीत ती आली यात नवल नाही. वास आला म्हणून आत बघितलं, आणि आधीचे चहा कोणाकोणाला दिले ते आठवून घाम फुटला.

आता तिसरी किटली आहे. पांढरी, साधी, तीन कपांची. आतून पांढरी असल्यामुळे चहाचा रंग आणि बसलेला राप दोन्ही दिसतात. तिच्यात दूध कधीच घालत नाही, कारण दुधाचा थर तोटीत जाऊन बसतो. रोज गरम पाण्याने धुते, डाग पडले तर खायचा सोडा घालून गरम पाण्यात ठेवते, आणि झाकण काढून उपडी वाळवते. ही घेताना मी दुकानात तांब्याभर पाणी मागितलं. दुकानदार चक्रावला, पण त्याने दिलं. काठोकाठ भरली, एका हाताने उचलली, बोटं पोटाला टेकत नाहीत ना ते बघितलं, कलवून झाकण राहतं का बघितलं, धार सोडून एकदम थांबवली. तोटीखाली बोट लावलं, कोरडं होतं. शेवटी सासूबाईंसारखी टकटक वाजवली.

घरी दूध घालून उकळलेलाच चहा होत असेल, तर किटलीवर पैसे घालू नका. पातेलं आणि गाळणं पुरेसं आहे. बिनदुधाचा, पानाचा चहा खरंच प्यायचा असेल, तर जरूर घ्या, पण दुकानात आधी पाणी मागा. पाणी द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर किटली कितीही सुंदर असली तरी तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा.